पावसाळी डबक्यांतील सूक्ष्म कवचधर प्राणी व त्यांची वंशरक्षणाची रीत

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान. शिक्षकांसाठी पाठसाहाय्य)

प्रास्ताविक

मृगाचा पाऊस पडून गेला म्हणजे वऱ्हाडातील काळ्या जमिनीवर जागोजागी पाणी साचते. पडीक रानातील खळगे, रस्त्याच्या भरावासाठी मुरूम खणल्याने झालेले खड्डे, गुरांच्या वाटेवरील सखल जागा, गावतळ्याची उथळ कड ही सर्व ठिकाणे पाण्याने भरून जातात. चैत्र-वैशाखात ज्या ठिकाणी जमिनीला हात हात खोल भेगा पडलेल्या असतात, त्याच ठिकाणी आषाढात असंख्य बारीक जीव पोहताना दिसू लागतात. मुले ते पाहतात आणि विचारतात, "गुरुजी, काल तर येथे काहीच नव्हते, मग हे आले कोठून?"

या प्रश्नाची दोन उत्तरे गावोगावी प्रचलित आहेत. हे जीव पावसाबरोबर आभाळातून पडतात, असे कोणी सांगतो. ते चिखलातून आपोआप उपजतात, असे दुसरा सांगतो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. परंतु खरे उत्तर शिक्षकाजवळ नसेल, तर तोही यांपैकी एखादे उत्तर देऊन मोकळा होतो, किंवा "हा पाठ्यपुस्तकातील प्रश्न नव्हे" असे सांगून मुलाला गप्प बसवितो. अशा रीतीने एकदा गप्प बसविलेले मूल पुन्हा सहसा विचारीत नाही. सबब या एका प्रश्नाचे उत्तर शिक्षकांजवळ तयार असावे आणि ते मुलांना केवळ सांगून न थांबता प्रत्यक्ष दाखविता यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडचा परिसर घेऊ. गावाच्या उत्तरेस सातपुड्याचा डोंगर व त्यापलीकडे मेळघाट आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन पसरली आहे. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात व पाणी लवकर जिरत नाही. यामुळे येथील डबकी काही आठवडे टिकतात आणि पाऊस उघडल्यावर आटून जातात. या पाठास लागणारी सर्व सामग्री अशा कोणत्याही गावी शाळेपासून हाकेच्या अंतरावर मिळते. तीस एक पैसाही पडत नाही.

१. डबक्यातील रहिवासी

खेकडा व कोळंबी हे प्राणी मुलांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या अंगावर कठीण कवच असते, पायांना सांधे असतात, आणि वाढताना ते जुने कवच टाकून नवे धारण करतात. या वर्गास 'कवचधर' असे म्हणतात. डबक्यातील पुढील प्राणी याच वर्गातील होत.

(अ) फेअरी श्रिंप : एक ते तीन सेंटिमीटर लांबीचा, जवळजवळ पारदर्शक प्राणी. अंगावर कवचाची ढाल नसते. पानासारख्या पायांच्या अकरा जोड्या लयीने हालवीत हा नेहमी उताणा पोहतो. मादीच्या पायांमागे अंड्यांची पिशवी स्पष्ट दिसते. भारतातील स्ट्रेप्टोसेफॅलस डायकोटोमस या जातीचे वर्णन १८६० साली प्रसिद्ध झाले. सह्याद्रीतील एका नव्या जातीस २०१४ साली स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस हे नाव मिळाले.

(आ) ट्रायॉप्स : पाठीवर ढालीसारखे कवच आणि मागे शेपटीचे दोन लांब धागे. 'ट्रायॉप्स' या ग्रीक नावाचा अर्थ 'तीन डोळ्यांचा' असा आहे. दोन मोठ्या डोळ्यांच्या जोडीला मध्यभागी तिसरा लहान डोळा असतो.

(इ) क्लॅम श्रिंप : दोन शिंपल्यांमध्ये बसलेला प्राणी. प्रथम पाहणारास हा शिंपलाच वाटतो. परंतु काचेच्या भांड्यात ठेवल्यास शिंपल्यांच्या फटीतून हालणारे पाय दिसतात.

(ई) पाणपिसू : डॅफ्निया, मॉइना इत्यादी. एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या, झटके देत उड्या मारल्यासारख्या पोहणाऱ्या.

(उ) सायक्लॉप्स : एकच डोळा असलेला, टाचणीच्या टोकाएवढा प्राणी. मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंस अंड्यांच्या दोन थैल्या लोंबत असतात.

डबक्यात डासांच्या अळ्या व बेडकांची पिले म्हणजे भैकेरही असतात. ते कवचधर नव्हेत. त्यांचे आईबाप बाहेरून येऊन पाण्यात अंडी घालतात, म्हणून त्यांच्या आगमनात गूढ काही नाही. कवचधरांना मात्र पंख नाहीत व कोरड्यावर चालताही येत नाही. ते आले कोठून, हाच खरा प्रश्न आहे.

२. मूळ अडचण

डबक्यात राहण्यात मोठा लाभ आहे. नदीत व मोठ्या तळ्यात मासे असतात, आणि फेअरी श्रिंपसारख्या मऊ अंगाच्या प्राण्याजवळ माशापासून बचावाचे साधन नाही. जे पाणी दरवर्षी आटते त्यात मासे टिकत नाहीत. शिवाय नव्या पाण्यात शेवाळ, सूक्ष्म जंतू व कुजलेला पालापाचोळा यांचे भरपूर अन्न असते.

परंतु या लाभाची किंमतही तेवढीच मोठी आहे. पाणी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, आणि आटल्यावर आठ-नऊ महिने ते पुन्हा मिळणार नाही. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग त्याहूनही अधिक तापतो. यातून कोणताही प्रौढ प्राणी जिवंत निभावत नाही. तेव्हा या जिवांपुढे दोन कामे असतात : पाणी आहे तोवर घाईने वाढून अंडी घालणे, आणि ती अंडी उन्हाळ्यातून सुखरूप पार पाडणे.

पहिल्या कामात यांचा वेग पाहण्यासारखा असतो. उबदार पाण्यात युलिम्नाडिया नावाची क्लॅम श्रिंप अंड्यातून बाहेर आल्यापासून सुमारे आठवड्याभरात स्वतः अंडी घालू लागते. मॉइना ही पाणपिसू चार-पाच दिवसांतच पिलांना जन्म देते. फेअरी श्रिंपला थोडा अधिक काळ लागतो. दुसरे काम अंड्याने करावयाचे असते.

३. अंडे नव्हे, बियाणे

फेअरी श्रिंप, ट्रायॉप्स व बहुतेक क्लॅम श्रिंप यांचे अंडे मिलिमीटरच्या एका लहान अंशाएवढे असते. त्यात भ्रूणाची वाढ सुरू होते, ती काही हजार पेशींपर्यंत जाते, आणि मग थांबते. भोवती जाड चिवट कवच तयार होते. पाणी आटल्यावर अंड्यातील जवळजवळ सर्व ओलावा निघून जातो. फेअरी श्रिंपचीच नातलग असलेली आर्टेमिया खाऱ्या पाण्यात राहते. तिच्या अंड्यांचा विशेष अभ्यास झाला असून त्यांत ट्रेहलोज नावाच्या साखरेचा मोठा साठा आढळला आहे. ओलावा गेल्यावर ही साखर पेशींतील नाजूक घटकांना आधार देते व त्यांची मोडतोड होऊ देत नाही. श्वसन, पोषण, वाढ या सर्व क्रिया जवळजवळ थांबतात. या अवस्थेस 'प्रसुप्ती' म्हणतात. मुलांना समजावताना हे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याशी अधिक जुळते, असे सांगावे. दाणा कणगीत कोरडा असतो, तेव्हा तो मेलेला नसतो.

ही अंडी किती सोसतात, याची उदाहरणे आश्चर्यकारक आहेत. सुदानमधील ट्रायॉप्सच्या अंड्यांसंबंधी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कोरड्या अंड्यांनी पाण्याच्या उत्कलनबिंदूजवळची उष्णता सहन केल्याचे दिसून आले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळात कोपेपॉड या कवचधरांची अंडी सापडली. त्यांतील काही तीनशेहून अधिक वर्षांची असूनही उबू शकत होती, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले.

सायक्लॉप्सची रीत निराळी आहे. त्यांच्यातील कित्येक जातींत अर्धवट वाढलेली पिलेच चिखलात दडून निपचित पडतात व पाणी आल्यावर पुन्हा हालू लागतात.

अंडी ओळखतात तरी कशी की पाणी आले आहे? केवळ ओलावा पुरत नाही. नवे पावसाचे पाणी गोडे असते, म्हणजे त्यात क्षार अल्प असतात. त्यात प्राणवायू भरपूर असतो. आणि उथळ असल्याने उजेड तळापर्यंत पोहोचतो. या खुणा एकत्र मिळाल्या म्हणजे अंड्यातील भ्रूण जागा होतो. कित्येक जातींत नव्याने घातलेली अंडी एकदा पूर्ण वाळल्याखेरीज उबतच नाहीत. भेगांतून खोल गेलेली अंडी अंधारात पडून राहतात. नांगराने किंवा गुरांच्या खुरांनी माती वरखाली झाली तरच त्यांना उजेड मिळतो.

४. सर्व अंडी एकदम का उबत नाहीत?

हा पाठाचा गाभा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या मुलांना समजावण्यास सर्वांत सोपा आहे.

मृगात एखादा जोराचा पाऊस पडतो. शेतकरी पेरणी उरकतो. मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहते, अंकुर करपून जातात आणि दुबार पेरणीची पाळी येते. ज्याने घरातील सर्व बियाणे पहिल्याच पेरणीत घातले, त्याला उसनवारी करावी लागते. ज्याने काही राखून ठेवले, तो सावरतो. दुबार पेरणी म्हणजे काय, हे वऱ्हाडातील मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते त्याने घरात पाहिलेले असते.

डबक्यातील प्राण्यांपुढे नेमका हाच प्रसंग असतो. पहिल्या पावसाने डबके भरले, सर्व अंडी उबली आणि पिले मोठी होण्यापूर्वीच पाणी आटले, तर त्या डबक्यातील वंशच संपला. प्रत्यक्षात असे होत नाही. कॅलिफोर्नियातील फेअरी श्रिंपच्या दोन जातींवरील प्रयोगांत, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका भिजवणीत अंड्यांचा थोडाच भाग उबतो; उरलेली अंडी पुढील भिजवणीची वाट पाहतात. यामुळे डबक्याच्या तळाशी अनेक वर्षांची अंडी एकत्र साठलेली असतात. शास्त्रज्ञ या साठ्यास 'अंड्यांची पेढी' म्हणतात.

अशा वर्तनामागील गणित डॅन कोहेन यांनी १९६६ साली वाळवंटातील वर्षायू वनस्पतींच्या बियांच्या संदर्भात मांडले. ते सहावी-सातवीच्या मुलांना फळ्यावर सोडविता येते. समजा, डबक्यात १,००० अंडी आहेत. चांगल्या वर्षी उबलेल्या प्रत्येक अंड्यामागे ५ नवी अंडी मिळतात. वाईट वर्षी उबलेली सर्व फुकट जातात. न उबलेली अंडी तशीच टिकतात. पहिले वर्ष चांगले, दुसरे वाईट, तिसरे चांगले असे धरावे.

पहिली रीत – सर्व अंडी उबतात : पहिल्या वर्षाअखेर ५,०००, दुसऱ्या वर्षाअखेर ०, तिसऱ्या वर्षाअखेर ०.

दुसरी रीत – निम्मी उबतात : पहिल्या वर्षी ५०० राखलेली व २,५०० नवी मिळून ३,०००, दुसऱ्या वर्षाअखेर राखलेली १,५००, तिसऱ्या वर्षी ७५० राखलेली व ३,७५० नवी मिळून ४,५००.

तिसरी रीत – दहावा भाग उबतो : पहिल्या वर्षी ९०० व ५०० मिळून १,४००, दुसऱ्या वर्षाअखेर १,२६०, तिसऱ्या वर्षी १,१३४ व ६३० मिळून १,७६४.

यानंतर तिन्ही वर्षे चांगली आहेत असे धरून हेच उदाहरण मुलांना पुन्हा करावयास सांगावे. तेव्हा पहिल्या रीतीने १,२५,००० व दुसऱ्या रीतीने २७,००० अशी उत्तरे येतील. मुलांनी स्वतःच निष्कर्ष काढावा की, पाऊस भरवशाचा असेल तेथे सर्व अंडी उबविणे लाभाचे ठरते. पाऊस बेभरवशाचा असेल तेथे राखून ठेवणारा टिकतो. प्रत्यक्षात राखलेल्या अंड्यांपैकी काही कुजतात, काही किडे खातात. म्हणून अति राखणेही हिताचे नसते.

येथे शिक्षकाने एक दक्षता घ्यावी. "हे प्राणी पुढचा विचार करून अंडी राखतात" असे म्हणू नये. त्यांना विचार करता येत नाही. ज्यांची सर्व अंडी एकदम उबत, त्यांचा वंश एखाद्या कोरड्या वर्षी खुंटला. ज्यांची थोडी थोडी उबत, त्यांचा वंश उरला. आज दिसणारे प्राणी या उरलेल्यांची संतती आहेत.

५. नर-मादीच्या निरनिराळ्या रीती

पाणपिसूंमध्ये पाणी मुबलक असेपर्यंत सर्व माद्याच असतात. त्या नराशिवाय पिलांना जन्म देतात व तीही माद्याच निपजतात. यास 'अनिषेकजनन' म्हणतात. यामुळे संख्या झपाट्याने वाढते. पुढे दाटी झाली, अन्न कमी पडले किंवा दिवस लहान होऊ लागले, की काही नर जन्मतात. मग मीलन होऊन निराळ्या प्रकारची टिकाऊ अंडी तयार होतात. ती मादीच्या पाठीवरील कवचाच्या जाड झालेल्या भागात बसतात. हा भाग घोड्याच्या खोगिरासारखा दिसतो, म्हणून त्यास खोगीर याच अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. मादी कात टाकते तेव्हा हे खोगीर अंड्यांसह गळून तळाशी जाते अथवा पाण्यावर तरंगत कडेला लागते. पाणी असता नराशिवाय झटपट वाढ आणि पाणी जाण्यापूर्वी मीलनातून टिकाऊ अंडी, अशी ही दुहेरी रीत होय.

युलिम्नाडियाची रीत याहून वेगळी आहे. तिच्यात शुद्ध माद्या नसतात. उभयलिंगी प्राणी व नर असतात. नर न मिळाल्यास उभयलिंगी प्राणी स्वतःच आपली अंडी फलित करतो. गुराच्या खुराला लागलेल्या चिखलातून एकच अंडे नव्या डबक्यात पोहोचले, तरी तेथे वसाहत होऊ शकते. अंडी वाऱ्यानेही उडतात व पक्ष्यांच्या पायांना चिकटूनही जातात.

६. नागपूरचे एक शिंपलेधारी नाव

या विषयाच्या इतिहासात विदर्भाचे स्थान मोलाचे आहे. स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी तेथे शाळा चालविली. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. फावल्या वेळात त्यांनी परिसरातील खडक, जीवाश्म व प्राणी गोळा केले. त्यांनी पाठविलेल्या लहान कवचधर प्राण्यांचे वर्णन ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली प्रसिद्ध केले आणि एका क्लॅम श्रिंपला हिस्लॉप यांचे नाव दिले. आज ती सायक्लेस्थेरिया हिस्लोपी या नावाने ओळखली जाते. हिस्लॉप १८६३ साली नागपूरनजीक पूर आलेला नाला ओलांडताना बुडून मरण पावले.

पुढे नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांच्याकडे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधून वाळलेला चिखल पाठविण्यात आला. त्यांनी तो पाण्यात भिजविला, तेव्हा त्यातून जिवंत प्राणी बाहेर आले. त्यांत नागपूरला प्रथम सापडलेली हीच क्लॅम श्रिंप होती. सार्स यांनी १८८७ साली तिचे सविस्तर वर्णन केले. समुद्र ओलांडून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास गेलेल्या कोरड्या मातीतून जीव जागा झाला, यापेक्षा प्रसुप्तीचा बोलका पुरावा कोणता?

या प्राण्याची विशेष रीत अशी की, मादी पिलांना आपल्या शिंपल्यांच्या आतच वाढविते आणि ती आईसारखीच दिसू लागल्यावर बाहेर सोडते. इतर क्लॅम श्रिंपची पिले मात्र निराळ्या रूपाचे डिंभ म्हणून जन्मतात. शिवाय ती टिकाऊ अंडीही घालते. म्हणूनच ती आटणाऱ्या पाण्यात आणि वर्षभर टिकणाऱ्या तळ्यांतही आढळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासावरून या एका नावाखाली दिसण्यास सारख्या पण वस्तुतः वेगळ्या अशा अनेक जाती असल्याचे कळले.

क्लॅम श्रिंपचा वंश फार जुना आहे. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील खडकांत हिस्लॉप यांना अशा प्राण्यांचे शिंपले जीवाश्मरूपाने मिळाले; १८६२ साली टी. रूपर्ट जोन्स यांनी त्यांस मांगलीचेच नाव दिले. ते खडक सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात.

७. वर्गातील प्रयोग

पूर्वतयारी : विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा बहुधा पाऊस सुरू झालेला असतो. म्हणून माती उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी, एप्रिलमध्येच गोळा करावी. पावसाळ्यात जेथे पाणी साचते, अशा आटलेल्या डबक्याच्या तळाची वरची दोन बोटे माती चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी घ्यावी. फवारणी झालेल्या कपाशीच्या शेतातील माती घेऊ नये. माती कापडी पिशवीत कोरडी ठेवावी व पिशवीवर ठिकाण आणि दिनांक लिहावा.

कृती : रुंद तोंडाच्या तीन काचेच्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत एक बोट जाडीचा मातीचा थर द्यावा. दुसऱ्या बरणीची माती अगोदर पाण्यात चांगली उकळून थंड करून घ्यावी. ती नुसती तव्यावर भाजून भागणार नाही, कारण कोरडी अंडी बरीच उष्णता सोसतात. मग तिन्ही बरण्यांत वीतभर पावसाचे पाणी घालावे. पावसाचे पाणी नसल्यास नळाचे पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून वापरावे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे खारे पाणी वापरू नये. पहिली व दुसरी बरणी खिडकीजवळ उजेडात, पण कडक उन्हात नव्हे, अशी ठेवावी. तिसरीला काळा कागद गुंडाळून ती अंधारात ठेवावी. तिन्ही बरण्यांची तोंडे पातळ कापडाने बांधावी, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत.

निरीक्षण : दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे रोज पाहावे. प्रथम हालणारे बारीक ठिपके दिसतील. भिंग असल्यास उत्तम. पहिल्या बरणीत जीव दिसले व दुसरीत दिसले नाहीत, तर ते पाण्यातून वा हवेतून आले नसून मातीतीलच जिवंत अंड्यांतून आले, हे सिद्ध होते. पहिली व तिसरी यांच्या तुलनेवरून उजेडाचा परिणाम कळतो. एका ठिकाणच्या मातीतून काहीच न निघाल्यास निराश न होता दुसऱ्या ठिकाणची माती घ्यावी. फेअरी श्रिंप निघाल्यास खोली अंधारी करून बरणीच्या खालून बॅटरीचा उजेड टाकावा. नेहमी उताणा पोहणारा प्राणी त्या वेळी पालथा होतो, कारण पोटाची बाजू उजेडाकडे ठेवण्याची त्याची सवय असते.

पुढील वर्षासाठी : पहिल्या बरणीतील पाणी सावकाश आटू द्यावे, माती महिनाभर वाळवावी व पुन्हा भिजवावी. पुन्हा जीव निघाल्यास अंड्यांच्या पेढीची कल्पना मुलांच्या मनावर कायमची ठसते.

८. दक्षता व ग्रामहित

(१) मुलांना एकटे डबक्यावर वा तळ्यावर पाठवू नये. पावसाळ्यात मुरमाच्या खाणी खोल भरतात, आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या मुलाला निसरड्या काठावरून वर चढता येत नाही. पाणी शिक्षकांनी स्वतः आणावे.

(२) डबक्याचे पाणी पिऊ नये. दूषित पाण्यातील सायक्लॉप्स पोटात गेल्याने नारू हा रोग होत असे. पाणी गाळून पिण्याच्या सवयीने व विहिरींच्या सुधारणेने या रोगाचे उच्चाटन झाले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला व २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. एका सूक्ष्म कवचधर प्राण्याचे ज्ञान किती उपयोगी पडले, याचे हे उत्तम उदाहरण म्हणून सांगावे.

(३) वस्तीजवळ साचलेल्या पाण्यात डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडतात. ते योग्यच आहे व मुलांनी त्यास साहाय्य करावे. मात्र गावापासून दूर असलेल्या रानातील डबक्यांत मासे सोडण्याचे कारण नाही. तेथे मासे सोडल्यास फेअरी श्रिंपचा नाश होतो.

(४) कीटकनाशकाचे डबे व फवारणीचे पंप डबक्यात धुऊ नयेत. कीटकनाशके कीटकांप्रमाणेच त्यांच्या दूरच्या नातलगांस, म्हणजे कवचधरांसही मारक ठरतात. त्याच पाण्यावर गुरेही येतात.

(५) पावसाळी खळगा ही निरुपयोगी जागा समजून सरसकट बुजविली जाते. काही आठवड्यांच्या पाण्यातील प्राणी एका कोरड्या वर्षाने नाहीसे होत नाहीत. परंतु तळाची माती उचलून नेली किंवा तीवर भराव पडला, तर अनेक वर्षांची साठलेली अंडी एकदम जातात. शाळेने प्रयोगापुरतीच माती घ्यावी व प्रयोग संपल्यावर ती त्याच जागी परत टाकावी.

९. स्वाध्याय

१. बेडकाचे पिलू व फेअरी श्रिंप हे डबक्यात कोणकोणत्या मार्गांनी येतात? दोन्हींत फरक काय?
२. नदीत फेअरी श्रिंप का आढळत नाहीत?
३. दुसऱ्या बरणीतील माती उकळून का घेतली?
४. वरील गणितात पहिले वर्ष वाईट व पुढील दोन चांगली धरून तिन्ही रीतींची उत्तरे काढा.
५. पेरणीच्या वेळी तुमच्या घरी बियाणे राखून ठेवतात काय? का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांच्या सोयीसाठी : पहिली रीत ०, दुसरी रीत ५००, १,५००, ४,५००, तिसरी रीत ९००, १,२६०, १,७६४. वर्षांचा क्रम बदलला तरी शेवटचा आकडा बदलत नाही, हे चाणाक्ष मुलांच्या लक्षात येईल. ते कारणासह सांगणाऱ्या मुलाचे वर्गात कौतुक करावे.

समारोप

या पाठासाठी शाळेने एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. गावाजवळचे एकच डबके निवडून दरवर्षी पुढील बाबी मुलांकरवी नोंदवाव्यात : डबके प्रथम कोणत्या तारखेस भरले, त्या वेळी कोणते नक्षत्र होते, जीव कितव्या दिवशी दिसले, कोणत्या प्रकारचे होते, पाणी कोणत्या तारखेस आटले, व मध्ये किती वेळा आटून पुन्हा भरले. शेजारच्या रकान्यात त्या वर्षी गावात दुबार पेरणी झाली किंवा कसे, तेही लिहावे. शिक्षकांची बदली झाल्यास ही वही कार्यभारासोबत नव्या शिक्षकांच्या स्वाधीन करावी. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, म्हणजे आपल्या गावचा पाऊस किती भरवशाचा आहे आणि डबक्यातील जीव त्याच्याशी कसे जुळवून घेतात, या दोन्ही गोष्टी मुलांना त्यांच्याच शाळेच्या वहीतून वाचून दाखविता येतील.